मेंदू, मज्जारज्जू आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम वंदन करतो. शास्त्र शिकवताना पुस्तकातली व्याख्या आधी न सांगता अंगणातली वस्तू आधी दाखवावी, हा त्यांचा दंडक होता. आज मेंदू आणि मज्जारज्जू यांविषयी बोलताना मीही तोच दंडक पाळणार आहे. माझे आयुष्य वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात गेले. परंतु आज समोर बसलेल्या श्रोत्यांना परीक्षा द्यायची नाही. त्यांच्या घरी माड आहेत, काजूच्या बागा आहेत, दारात दुचाकी आहे, वाड्यावर कुत्री आहेत आणि वडीलधारी माणसे आहेत. या प्रत्येकाशी आजच्या विषयाचा संबंध आहे. तो नीट उमगला, तर एखाद्या घरातले माणूस अंथरुणाला खिळण्यापासून वाचेल. या व्याख्यानाचे प्रयोजन एवढेच.

प्रथम रचना पाहू. सोललेला नारळ हातात घ्या. बाहेर कठीण करवंटी, आत मऊ खोबरे. आपले डोके साधारण असेच आहे. कवटीच्या आत तीन आवरणे आहेत : बाहेरचे जाड, मधले जाळीदार आणि आतले मेंदूला चिकटलेले, अतिशय तलम. नारळात आणि डोक्यात एक मोठा फरक मात्र आहे. नारळाचे पाणी खोबऱ्याच्या आत असते. मेंदूचे पाणी आतल्या पोकळ्यांत असते आणि बाहेरूनही त्याला वेढून असते. त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. कोणत्याही वेळी ते सुमारे १५० मिलिलिटर असते आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होते; म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा ते पालटते. मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम. पण या द्रवात तो तरंगत असल्यामुळे त्याचा भार तळाशी जेमतेम पन्नास ग्रॅमइतकाच पडतो. असे नसते, तर आपल्याच वजनाखाली मेंदूचा खालचा भाग चेपला गेला असता.

शरीराच्या वजनाच्या केवळ दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू वापरतो. आणि त्याच्यापाशी साठवण जवळजवळ नाही. स्नायू काही काळ उधारीवर काम करू शकतो. मेंदूला रोजचे रोखच लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

मेंदूत चेतापेशी किती? पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकांतून शंभर अब्ज असा गोल आकडा लिहिला जाई. २००९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी पेशींची प्रत्यक्ष मोजदाद करण्याची नवी रीत वापरून तो सुमारे ८,६०० कोटी असल्याचे दाखवले. त्यांतही नवल असे की, सुमारे ६,९०० कोटी पेशी एकट्या लहान मेंदूत आहेत. आकाराने मेंदूचा दशांश असलेला हा भाग पेशींच्या संख्येने मात्र सगळ्यांत दाट वस्तीचा आहे.

मेंदूचे तीन मुख्य भाग मानता येतील. पहिला मोठा मेंदू. त्याचे डावा आणि उजवा असे दोन गोलार्ध असून पृष्ठभाग घड्याघड्यांचा आहे. थोड्या जागेत मोठे कापड बसवायचे तर चुण्या घालाव्या लागतात, तसेच हे. कपाळामागच्या भागात योजना, संयम आणि हालचालींचे आदेश. माथ्याच्या बाजूस स्पर्शाची जाण. कानशिलाजवळ ऐकणे आणि स्मरण. अगदी मागे दृष्टी. पेडण्याच्या मातीतला दशावतारी नट डोळ्यांपुढे आणा. त्याच्या हाती लिहिलेली संहिता नसते. समोरचा नट बोलतो ते ऐकून तो तत्क्षणी संवाद रचतो. ऐकलेल्याचा अर्थ लावण्याचे केंद्र आणि शब्द उच्चारण्याची जुळणी करणारे केंद्र बहुतेकांच्या डाव्या गोलार्धात असतात. दुसऱ्या केंद्राचा शोध पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ साली एका रुग्णाच्या मेंदूवरून लावला. त्या रुग्णाला बोललेले समजे, पण त्याच्या तोंडून एकच अक्षर पुन्हा पुन्हा निघे.

दुसरा भाग लहान मेंदू. हालचालींना तोल आणि ताल देणे हे त्याचे काम. घुमट वाजवणाऱ्याची बोटे चुकत नाहीत आणि माडावर चढणाऱ्या पाडेलीचा पाय नेमका खाचेतच पडतो, ते त्याच्यामुळे. तिसरा भाग मस्तिष्कस्तंभ. श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब, झोप-जाग यांची व्यवस्था येथे आहे. याच स्तंभाच्या खालच्या टोकाला हालचालीचे बहुतेक तंतू एका बाजूचे दुसऱ्या बाजूस जातात. म्हणून मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाली, तर उजवा हात-पाय लुळा पडतो.

हाच स्तंभ कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रातून खाली उतरतो आणि मज्जारज्जू बनतो. मज्जारज्जू म्हणजे पाठीचा कणा नव्हे. ही गल्लत पुष्कळांची होते. कणा हा हाडांचा : मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच मणके, आणि त्याखाली एकमेकांत जुळून गेलेले त्रिक व माकडहाड. मज्जारज्जू या मण्यांच्या पोकळीतून जाणारी मऊ दोरी. प्रौढ माणसात तिची लांबी सुमारे ४२ ते ४५ सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच ती संपते. पुढे घोड्याच्या शेपटीसारखा चेतातंतूंचा झुबका उरतो. म्हणूनच कमरेतून पाणी काढताना डॉक्टर त्याच्या खालच्या जागी सुई घालतात आणि रज्जूला धक्का लागत नाही. ‘सुई टोचली की माणूस पांगळा होतो’ या भीतीपायी कित्येक घरांत मेंदूज्वराची तपासणी नाकारली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मज्जारज्जूतून ३१ जोड्या चेतातंतू निघतात. रज्जूच्या मागच्या बाजूने बातमी आत येते, पुढच्या बाजूने हुकूम बाहेर जातो. जाड वेष्टन असलेल्या तंतूंतून संदेश सेकंदाला १२० मीटरपर्यंत धावतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंतून तो सेकंदाला जेमतेम एखाद-दोन मीटर चालतो. पायाला ठेच लागली की आधी टोचणारी कळ येते आणि मागाहून सावकाश ठणका सुरू होतो, याचे कारण हा वेगातला फरक.

परंतु मज्जारज्जू हा केवळ निरोप्या नाही. त्याला स्वतःचा अधिकार आहे. निखाऱ्यावर पाय पडला तर मेंदूला विचारण्याआधीच रज्जू पाय मागे खेचतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया. येथे डिचोली तालुक्यातील श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहील. शिरगावच्या श्रीलईराई देवीच्या जत्रेत वैशाख शुद्ध पंचमीला व्रतस्थ धोंड हाती बेत घेऊन होमकुंडातील निखाऱ्यांवरून जातात. तेथे हा रज्जू गप्प का बसतो? उत्तर दोन शास्त्रांत विभागले आहे. पदार्थविज्ञान सांगते की, राखेने झाकलेला कोळसा उष्णतेचा मंद वाहक आहे आणि चालत्या पावलाचा स्पर्श क्षणभराचा असतो. शरीरक्रियाशास्त्र सांगते की, मेंदूकडून खाली येणारा हुकूम रज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया दाबू शकतो. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी असे मांडले की, वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूत जणू एक दार आहे; ते किती उघडायचे हे खालून येणारा स्पर्श आणि वरून येणारी मनःस्थिती ही दोन्ही मिळून ठरवतात. उपवास, सहवास आणि एकाग्रता यांनी मन ज्या अवस्थेला जाते, तिचा परिणाम रज्जूपर्यंत पोहोचतो. श्रद्धेला यात उणेपणा येत नाही. माणसाच्या देहात मन किती खोलवर उतरले आहे, हेच कळते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः आलो, तिच्याकडे वळतो. आपल्या हाताचा चेतातंतू तुटला, तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतू मात्र तुटल्यावर पुन्हा वाढून जोडले जात नाहीत. तेथील वेष्टनातली काही प्रथिने वाढीला अटकाव करतात आणि इजेच्या जागी तयार होणारा व्रण वाट अडवतो. जगभर यावर संशोधन चालू आहे, पण तुटलेला रज्जू पूर्ववत करणारे औषध आजही हाती नाही. म्हणून इजा होऊ न देणे आणि झालेली वाढू न देणे, हेच दोन उपाय उरतात.

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत रज्जूची इजा होते ती मुख्यतः दोन वाटांनी : झाडावरून पडून आणि रस्त्यावर. माडावरून, काजूवरून, आंब्यावरून पडलेल्या माणसाचा बहुधा पाठ आणि कंबर यांच्या सांध्यावरचा मणका मोडतो, कारण ताठ पाठ आणि लवचिक कंबर यांची गाठ तेथे पडते. इजा तेथे झाली तर पाय जातात, लघवी-शौचावरचा ताबा जातो, हात वाचतात. इजा मानेत झाली तर हातही जातात. आणि ती मानेच्या वरच्या भागात असेल, तर श्वासपटलाला हुकूम देणारे तंतू तुटून श्वासच थांबतो. तीन-चार बोटांच्या अंतरावर जीवन आणि मरण यांची हद्द आहे.

झाडावरून माणूस पडला की आपण काय करतो? प्रेमापोटी धावतो, दोघे बगलेत धरतात, दोघे पाय उचलतात, त्याला उठवून बसवतो, पाणी पाजतो आणि रिक्षात किंवा दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखाना गाठतो. मोडलेला मणका अशा वेळी सुरीसारखा रज्जूत घुसतो. पडताना वाचलेला रज्जू उचलताना तुटतो. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे : पडलेल्याला हलवू नका. त्याला पायाची बोटे हलवता येतात का, एवढे विचारा. एकाने त्याचे डोके दोन्ही हातांत स्थिर धरावे आणि सुटका होईपर्यंत सोडू नये. १०८ क्रमांकाला फोन करा. हलवणे भागच पडले, तर चौघांनी मिळून, एकाच्या शब्दावर, डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवून, ओंडका लोटावा तसे त्याला कुशीवर वळवून खाली फळी किंवा दरवाजा सरकवावा. वळवताना मान मुरगळता कामा नये. पाणी देऊ नये. शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

पाडेली आणि रेंदेर यांचे कष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. त्यांच्या सुरक्षेचा विचार मात्र उशिरा झाला. नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले आणि चढणाऱ्यांसाठी अपघात विम्याची योजनाही आणली. आपल्या बागेत येणाऱ्या पाडेलीचा विमा आहे का, हे विचारणे बागायतदाराचे कर्तव्य मानले पाहिजे. रस्त्याविषयी एकच वाक्य : हेल्मेट चालवणाऱ्याने घालावे आणि मागे बसणाऱ्यानेही घालावे, असे कायदा सांगतो. कवटी करवंटीसारखी असली, तरी करवंटी दगडावर फुटते.

ज्यांच्या वाट्याला ही इजा आली, त्यांनी निराश व्हावे असे मात्र नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. त्यांनी पोहण्याचा सराव केला आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा प्रत्येक खेड्यातल्या माणसाला पदक नको असते. त्याला चाकाच्या खुर्चीतून जाता येईल असा उतार, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस पालटणारा हात आणि बसून करता येईल असे काम हवे असते. शाळेला, देवळाला आणि पंचायतीला उतार आहे का, हे आज घरी जाताना पाहा.

आता मेंदू रोखीवर चालतो, ही मघाची गोष्ट आठवा. रक्तवाहिनी तुंबून मेंदूच्या एखाद्या भागाचा पुरवठा बंद पडला, तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला. तोंड अचानक वाकडे झाले, एक हात वर राहीना, बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात समजा. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते; आणि रक्तस्राव नाही ना, हे डोक्याचा स्कॅन काढूनच कळते. म्हणून तेल चोळण्यात आणि ‘सकाळी बघू’ म्हणण्यात वेळ घालवू नये. त्या रुग्णाला तोंडाने काही देऊ नये आणि पहिल्या घटकेलाच मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. आपल्या गोव्यात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ सालची आहे; त्या जुन्या वैद्यकीय विद्यालयाचे १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. बांबोळीपर्यंतचा रस्ता तासाभराचा आहे. उशीर होतो तो बहुधा घराच्या ओसरीवर.

चेतातंतू हा रोगाचाही मार्ग होऊ शकतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतला विषाणू जखमेतून तंतूत शिरतो आणि दिवसाला एक ते दहा सेंटिमीटर या गतीने मज्जारज्जूकडे व मेंदूकडे सरकतो. तो मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागली, की उपाय जवळजवळ उरत नाही. परंतु तो वाटेत असताना आपल्याला बहुधा काही आठवड्यांची सवलत मिळते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे, यात माणूस वाचतो. हळद, चुना, मिरची यांनी नव्हे. या बाबतीत गोव्याने देशाला वाट दाखवली आहे. सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने मिळून दरवर्षी कुत्र्यांचे लसीकरण केले, शाळांतून मुलांना शिकवले, संशयित कुत्र्यांचा माग काढला. कुत्र्यांतील रोगाचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांनी घटले. २०२१ साली राज्य सरकारने गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केले, तेव्हा त्याआधीच्या तीन वर्षांत या रोगाने एकही माणूस दगावलेला नव्हता. पण पेडण्याची सीमा सावंतवाडीला आणि डिचोलीची दोडामार्गाला लागून आहे. कुत्र्याला राज्याची हद्द कळत नाही. लस चालूच राहिली पाहिजे.

शेवटचा विषय नाजूक आहे. पेडण्याची पुनव आपल्या सर्वांना प्रिय आहे. कोजागरीच्या त्या उत्सवात बाधा झाल्याचे मानलेल्या माणसांना आणण्याची जुनी प्रथा आहे. देवाकडे जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. पण ज्याला आकडी येते, दातखीळ बसते, अंग झटके देते, त्याला बहुधा अपस्मार असतो. म्हणजे मेंदूतल्या काही पेशी अकारण एकदम पेटतात. डोक्याला पूर्वी लागलेला मार, जन्माच्या वेळी प्राणवायूची कमतरता, अस्वच्छ अन्नातून पोटात गेलेली पट्टकृमीची अंडी, अशी त्याची कारणे असतात. दहांपैकी सुमारे सात रुग्णांचे झटके योग्य औषधाने थांबू शकतात. अशी मुलगी लग्नाला नालायक नसते आणि असा मुलगा शाळेला नालायक नसतो. पुनवेला जा, पण त्याआधी आणि त्यानंतर रोजची गोळी चुकवू नका.

मन आणि मेंदू यांच्या नात्यावर विचार करणारा एक मोठा माणूस याच मातीतला. आबे फारिया १७५६ साली कांदोळीत जन्मले. त्यांच्या वडिलांचे गाव कोलवाळ, म्हणजे पेडण्याहून शापोरा नदीच्या पलीकडच्या काठाचे. लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना त्यांची वाचा बसली, तेव्हा वडिलांनी कोकणीत ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ असे पुटपुटताच ते मोकळे झाले, अशी आख्यायिका आहे. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी मोहनिद्रेचे प्रयोग केले. त्या काळी लोक म्हणत की, प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी द्रव वाहतो. फारियांनी ते नाकारले. झोपेचे कारण झोपणाऱ्याच्याच मनात आहे आणि सूचनेने ते जागे होते, असे त्यांनी सांगितले. १८१९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते वारले. पणजीतला रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला १९४५ सालचा पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. बाहेरच्या भुताला दोष न देता आतल्या कारणाचा शोध घेणे, हा त्यांचा वारसा आपण चालवला पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. नवे काही शिकताना चेतापेशींमधले सांधे बळकट होतात; एरिक कँडेल यांना स्मृतीच्या या घडणीवरील संशोधनासाठी २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. गुरुजी पाढे रोज म्हणवून घेत, त्यामागचे शास्त्र हेच. आणि कपाळामागचा संयमाचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला वेगाची ओढ अधिक आणि धोक्याची जाण कमी असते, ती त्याच्या वाईटपणामुळे नव्हे. तोवर त्याच्या त्या अपुऱ्या भागाचे काम घरातल्या आणि शाळेतल्या मोठ्यांनी करायचे असते.

व्यवस्थापनाला एक सूचना करून थांबतो. या शाळेतल्या आठवीपासूनच्या प्रत्येक मुलाला, जखमी माणसाला फळीवर कसे घ्यावे हे वर्षातून एकदा प्रत्यक्ष करून शिकवावे. त्याला लागते काय? एक जुना दरवाजा, चार मुले आणि अर्धा तास. गुरुजींच्या नावाने असा एक तास दरवर्षी झाला, तर त्यांना तो या व्याख्यानापेक्षा अधिक आवडला असता, अशी माझी खात्री आहे.